झेब्रा फिंच घरी वाढवताना: दाणा, मडकं, अंडी, पिल्लं आणि मडकं काढायची वेळ

फिंच, म्हणजे चिमणीसारखा छोटा पाळीव पक्षी, घेतलेला माणूस आठवड्याभरात पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे "अंडी कधी घालतील?" आणि मी गेली नऊ वर्षं ठाण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत झेब्रा फिंच पाळतेय त्यावरून सांगते, अंडी घालायला लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ते थांबवणं. हा पक्षी मूळ ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, तिथे पाऊस कधी येईल याचा काही नेम नाही, त्यामुळे पाऊस पडला, गवताला दाणा धरला की हे लगेच घरटं बांधून मोकळे होतात, महिना कुठला का असेना. आता आपल्या घरात काय असतं? पाणी रोज ताजं, दाणा वाटीभर, वर कोथिंबीर. म्हणजे त्या पक्ष्याच्या हिशोबाने आपल्याकडे बाराही महिने नुकताच पाऊस पडून गेलेला असतो. घरट्यासाठीचं मडकं लटकत ठेवलं तर मादी एकामागून एक अंडी घालत राहते आणि वर्ष-दीड वर्षात संपते.

म्हणून मडकं टांगायच्या आधी साधा हिशोब करा. एका वेळी ४ ते ६ अंडी, वर्षातून तीन वेळा म्हटलं तरी एका जोडीची १०-१५ पिल्लं. ती तीन महिन्यांची झाली की स्वतः जोड्या लावायला तयार. कुठे ठेवणार, कोणाला देणार हे आधी ठरलेलं असू द्या. पिल्लं जास्त झाली म्हणून बाहेर सोडून देणं हा पर्याय नाहीच, पिंजऱ्यात जन्मलेला फिंच बाहेर दोन दिवस टिकत नाही, कावळे किंवा शिक्रा उचलतो आणि यातून वाचला तर भुकेने जातो.

कोणता फिंच घ्यायचा

सुरुवातीला झेब्राच घ्या. चिवट आहे, साध्या दाण्यावर राहतो, माणसांची सवय पटकन होते, आणि मुख्य म्हणजे नर-मादी लांबून ओळखता येतात. बेंगालीज फिंच पण छान, फारच शांत स्वभावाचे, पण त्यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच, फक्त नर गातो, त्यामुळे गाणं ऐकेपर्यंत थांबावं लागतं. गोल्डियन दिसायला अप्रतिम, पण आजारी लवकर पडतात, पहिल्या वर्षी नका घेऊ. जावा स्पॅरो घ्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा की तो साइटीस, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहे, त्यामुळे त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. झेब्रा त्या यादीत नाही.

आणि मनोली, म्हणजे मुनिया, अजिबात नाही. लाल मनोली, ठिपकेवाली मनोली या आपल्याकडच्या रानातल्या, गवताळ माळावरच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, विकणं आणि पाळणं तिन्ही गुन्हा आहे. कधीकधी त्यांना हिरवा, पिवळा रंग लावून "रंगीत फिंच" म्हणून विकतात. रंग एका आंघोळीत उतरतो, आणि पकडताना, आणताना किती मेल्या असतील ते वेगळंच. विदेशी फिंच म्हणून कोणी भडक एकसारख्या रंगाचा छोटा पक्षी दाखवला तर पंखाच्या आतली बाजू बघा, तिथे रंग पोचलेला नसतो.

घेताना काय बघायचं

झेब्राचा नर म्हणजे गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे-पांढरे पट्टे, कुशीला तपकिरी पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके, चोच लालभडक. मादी साधी करडी, चोच नारिंगी. पूर्ण पांढरे झेब्रा घेतले तर फक्त चोचीच्या रंगावर जायचं, लाल तो नर. चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे, अजून आईबापाजवळ असायला हवं होतं, घेऊ नका.

दुकानात पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. जो पक्षी फुगून, डोळे अर्धे मिटून एका कोपऱ्यात बसलाय तो स्वस्तात मिळाला तरी नको, आणि त्याच पिंजऱ्यातले बाकीचेपण नकोत. शेपटीखालची पिसं स्वच्छ, कोरडी हवीत. कानाजवळ धरल्यावर श्वासाचा टिक-टिक आवाज यायला नको. नर एका ठिकाणाहून, मादी दुसऱ्या ठिकाणाहून घ्या, कारण एकाच पिंजऱ्यातले दोघं बरेचदा भाऊ-बहीण असतात आणि त्यांची पिल्लं कमजोर निघतात. तुरेवाले झेब्रा आवडत असतील तर जोडीतला एकच तुरेवाला ठेवा, दोन्ही तुरेवाले लावले तर काही अंड्यांतलं पिल्लू आतच मरतं.

घरी आधीच पक्षी असतील तर नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत. मी एकदा दहा दिवसांतच मिसळला होता, तीन जुने पक्षी गेले.

पिंजरा आणि जागा

फिंच पोपटासारखे चढत नाहीत, उडतात, आणि आडवे उडतात. त्यामुळे उंच, गोल, घुमटासारखे पिंजरे कितीही सुंदर दिसले तरी त्यांच्या कामाचे नाहीत. एका जोडीला लांबी किमान अडीच फूट, रुंदी-उंची दीड दीड फूट. जाळीचं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, पिल्लू डोकं घालून अडकतं. दांड्या प्लास्टिकच्या काढून टाका आणि पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या लावा, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, काही थोड्या जाड काही बारीक, म्हणजे पायाला व्यायाम होतो. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, विषारी आहे. दोन टोकांना दोन दांड्या, मधे मोकळं सोडा, उडायला. दांडीखाली पाण्याची वाटी ठेवू नका, विष्ठा नेमकी त्यातच पडते.

जागा अशी हवी की सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळेल, दुपारचं नको, आणि तीन बाजू बंद असतील. स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात, आपल्याला वासही येत नाही. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, रूमस्प्रे, घराला नवा रंग, हे सगळं त्यांच्या फुफ्फुसाला जड जातं. दिवाळीचे चार-पाच दिवस मी पिंजरा आतल्या खोलीत नेते, रात्री छोटा दिवा चालू ठेवते, कारण अंधारात फटाक्याने दचकले की आंधळेपणाने जाळीवर आपटतात.

बाल्कनीत असेल तर बाहेरून अजून एक बारीक जाळी लावाच. कावळा बाहेर बसून जाळीतून चोच घालतो आणि पाय ओढतो, हे मी स्वतः बघितलंय. मांजर, उंदीर, पाल ही सगळी गिऱ्हाइकं आहेतच. मुंग्यांसाठी जुनी युक्ती, पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे ना, तसं स्टँडच्या चारी पायांखाली ठेवायचं. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर काही उरत नाही. वाट्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला नाहीतर डास होतात.

दाणा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण निम्मे पक्षी इथेच जातात.

मुख्य दाणा राळे. दुकानात कांगणी म्हणून मागितलं तरी मिळतात. टरफलासकट हवेत. नुसत्या राळ्यांवर पक्षी जगतो पण पिल्लं नीट होत नाहीत, म्हणून मी मिक्स करते: ५ वाट्या राळे, २ वाट्या सालासकट वरी, १ वाटी बारीक बाजरी, १ वाटी नाचणी, आणि मिळालं तर १ वाटी कॅनरी सीड. उपासाची भगर चालते का असं बरेच जण विचारतात, तर ती पॉलिश केलेली असते, साल काढलेली, संपत आलीय म्हणून एखाद दिवस दिली तर बिघडत नाही पण रोजचा दाणा म्हणून नको. कारळे थंडीत चिमूटभर, तेलकट असतात, जास्त दिले की चरबी वाढते.

एका पक्ष्याला दिवसाला साधारण एक छोटा चमचा दाणा पुरतो. पण वाटीत दुप्पट ठेवा, कारण फिंचचं शरीर इतकं लहान आणि इतकं झपाट्याने चालतं की एक अख्खा दिवस उपाशी राहिला तर तो मरू शकतो. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. संध्याकाळपर्यंत वरचा सगळा थर टरफलांचा झालेला असतो आणि वाटी भरलेली दिसते. पहिल्या वर्षी आम्ही गणपतीला गुहागरला गेलो, तीन दिवस, शेजारच्या काकूंना सांगून गेलो की वाटी रिकामी दिसली की दाणा घाला. त्या बिचाऱ्या रोज दोनदा बघून जायच्या, वाटी भरलेलीच. आम्ही परत आलो तेव्हा नर खाली पडलेला होता, मादी जेमतेम जिवंत, आणि वाटीत वर बोटभर टरफलं आणि खाली एकही दाणा नाही. चूक माझीच, मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून घरात कोणीही पक्षी बघणार असेल तर पहिल्यांदा त्याच्या हाताने वाटी फुंकायला लावते. रोज सकाळी फुंकायची, आणि आठवड्यातून एकदा साठलेला दाणा सुपात घेऊन पाखडायचा, सूप यासाठी फार कामाचं आहे.

दाणा साठवायचा तो घट्ट झाकणाच्या डब्यात आणि एका वेळी महिन्याभराचाच. पावसाळ्यात कोकणपट्टीत तर दाण्याला बुरशी धरायला चार दिवस लागत नाहीत. मुठीत घेऊन वास घ्या, कुबट आला की सरळ फेका, धुऊन वाळवून परत देऊ नका, बुरशीचं विष धुऊन जात नाही. श्रावणात ऊन पडलं की मी दाणा ताटात पसरून बाल्कनीत ठेवते, नाहीतर कढईत अगदी मंद गॅसवर ओल जाईपर्यंत परतते, भाजायचा नाही.

हिरवं रोज थोडं. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे दूर्वा, त्यातही तुरे आलेल्या दूर्वा, ते कोवळे दाणे ओढून खाताना बघत बसावं. पालक आठवड्यातून एकदाच, तो कॅल्शियम अडवतो. सगळं मिठाच्या पाण्यात भिजवून मग साध्या पाण्यात तीनदा धुवायचं, भाजीवरचं औषध एवढ्याशा जीवाला पुरेसं असतं. गाजर किसून, काकडीची चकती जाळीत अडकवून. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण, चहा, खारट काहीही, हे नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, दुकानात कटलबोन म्हणतात, म्हणजे माकुल्याच्या पाठीतला तो पांढरा हलका तुकडा. गुहागरच्या किनाऱ्यावर पावसाळा संपता संपता चिक्कार सापडतो, मी तिथूनच गोळा करून आणते. तसा आणलात तर आठवडाभर गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, खारटपणा गेला की कडक उन्हात वाळवा. नाही मिळाला तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, खलबत्त्यात रव्याएवढी कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. हे वर्षभर पिंजऱ्यात असायलाच हवं, फक्त ब्रीडिंगला नव्हे.

पाणी दिवसातून दोनदा बदला. आंघोळीला वेगळी पसरट बशी, पाणी बोटाच्या एका पेरापेक्षा कमी, सकाळी ठेवायची आणि दुपारी काढून घ्यायची.

जोडी लावायच्या आधीचा महिना

वयाने ते तीन महिन्यांतच तयार होतात पण तेव्हा लावू नका. मादी किमान ८-९ महिन्यांची होऊ द्या. याचं कारण वजनात आहे. मादीचं वजन साधारण १५ ग्रॅम, एक अंडं जवळपास १ ग्रॅमचं, आणि ती रोज एक याप्रमाणे पाच दिवसांत पाच अंडी घालते. म्हणजे स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा आठवड्याच्या आत अंगातून बाहेर. कोवळ्या मादीच्या हाडांतलं कॅल्शियमच यात निघून जातं.

सीझन आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर नाही, विदर्भ-मराठवाड्यात ४० च्या वर पारा गेला की मडक्यात पिल्लं शिजतात, शब्दशः. मुंबई-कोकणात पावसाळ्यातही नको, दाणा आणि घरटं दोन्ही ओलसर राहतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री पिंजऱ्याला तीन बाजूंनी जाड चादर घाला.

महिनाभर आधी एग फूड सुरू करायचं. अंडं १० मिनिटं कडक उकडायचं, किसणीवर किसायचं, त्यात साध्या टोस्टचा चुरा मिसळायचा, इतका की ओलसर रव्यासारखं मोकळं होईल, वर चिमूटभर टरफलाची पूड. एका जोडीला एक चमचा, एक दिवसाआड. दोन तासांत उरलेलं काढायचं, आपल्या हवेत अंडं त्यापुढे टिकत नाही. पहिले आठ दिवस ते हातही लावणार नाहीत, तुम्ही देत राहा. एकदा वर थोडे राळे भुरभुरवून बघा, दाणे टिपता टिपता चव लागते. घरात अंडं चालत नसेल तर मोड आलेला दाणा: राळे रात्रभर भिजवायचे, सकाळी तीन पाण्यांतून काढून ओल्या पंच्यात बांधायचे, मटकीला बांधतो तसे, आणि टोकाला पांढरा ठिपका दिसला की द्यायचे. लांब मोड नकोत. आंबूस वास आला तर टाकून द्या. तरी मी म्हणेन की पिल्लांच्या दिवसांत अंड्याला तोड नाही.

मडकं

आपल्याकडे फिंचची छोटी मातीची मडकी मिळतात, बाजूला भोक असलेली. भोक दोन इंचांचं असावं आणि भोकाच्या खालच्या कडेपासून तळ निदान दोन इंच खोल, नाहीतर पिल्लं गडगडून बाहेर येतात. लाकडी खोकं घेतलंत तर सगळ्या बाजू पाच इंच. मडकं पिंजऱ्याच्या वरच्या भागात, कोपऱ्यात, तारेने घट्ट बांधा, हललं तर ते आत जात नाहीत. एकाच पिंजऱ्यात दोन जोड्या असतील तर मडकी चार, आणि सगळी एकाच उंचीवर, कारण सगळ्यांना सगळ्यात वरचंच हवं असतं आणि त्यावरून मारामाऱ्या होतात.

घरट्याला काथ्या आणि वाळलेलं गवत. काथ्या मोकळा करून बोटाएवढे तुकडे कापा, त्यापेक्षा लांब नको. कापूस, सुती दोरा, लोकर, केस बिलकुल नको, पिल्लाच्या पायाला गुंडाळतात आणि पाय सुकून जातो. एक मूठ काथ्या पिंजऱ्याच्या तळाशी टाका आणि बाजूला व्हा. नर एक एक काडी नेतो, मादी आत बसून लावते, दोन-तीन दिवसांत गोल पोकळी तयार.

पहिलं अंडं दिसलं की उरलेला सगळा काथ्या पिंजऱ्यातून काढून टाका. हे विसरू नका. काडी दिसली की नराला राहवत नाही, तो अंड्यांवर परत थर रचतो, मग मादी त्या थरावर नवीन अंडी घालते आणि खालची थंड पडतात. दोन मजली घरटी मी स्वतः उकललीयत.

अंडी

रोज सकाळी एक अंडं. साधारण तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर नीट उबवायला बसतात, त्यामुळे पहिल्या दिवसांत कोणी मडक्यात नाही म्हणून घाबरू नका. दोघंही आळीपाळीने बसतात. तिथून १२ ते १४ दिवस.

पाचव्या-सहाव्या दिवशी, दोघं बाहेर दाणा खात असताना, मोबाइलचा टॉर्च मडक्यात हळूच मारून बघा. भरलेलं अंडं गुलाबीसर दिसतं, लाल शिरांची जाळी दिसते, नंतर ते पांढरंफटक आणि अपारदर्शक होतं. रिकामं अंडं पिवळट, आरपार. सगळी रिकामी असतील तरी दोन आठवडे त्यांना बसू द्या, लगेच काढलीत तर मादी आठवड्यात परत घालते. एवढं एकदा बघितलं की बास, रोज टॉर्च नको. आंघोळीची बशी मात्र रोज ठेवा, ओल्या पिसांनी मादी बसते त्यातून अंड्यांना हवी ती आर्द्रता मिळते.

एक गोष्ट मला फार आवडते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की हवा २६ अंशांच्या वर गेली की झेब्रा फिंच शेवटच्या दिवसांत अंड्यांशी एक विशिष्ट आवाज काढून बोलतात, आणि तो आवाज ऐकलेली पिल्लं उष्णतेत जन्मल्यावर वेगळ्या वेगाने वाढतात. म्हणजे बाहेर गरम आहे हे आई-बाप अंड्यातच सांगून ठेवतात. उबवण संपत आली की मडक्यातून बारीक आवाज येतो का बघा, आणि त्या दिवसांत घरात मिक्सर जरा लांब चालवा.

मादी अंडं घालण्याच्या दिवसांत तळाशी फुगून बसली, शेपटी वर-खाली करत असेल, तर अंडं अडकलंय. याला थांबायला वेळ नसतो. तिला छोट्या खोक्यात, मऊ कापडावर ठेवून ३०-३२ अंश ऊब द्या, साधा ४० वॅटचा पिवळा बल्ब एका बाजूने, दुसरी बाजू मोकळी म्हणजे गरम झालं तर सरकता येईल, बाजूला गरम पाण्याची वाटी वाफेसाठी. पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं तर मादी गेली. दोन-तीन तासांत काही झालं नाही तर पक्ष्यांचं बघणारा डॉक्टर गाठा, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, नंबर आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

पिल्लं

जन्मतात तेव्हा शेंगदाण्याएवढी, उघडी, डोळे मिटलेले. पहिले दोन दिवस आवाजही नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मडक्यातून चिरचिर सुरू झाली की समजायचं पोसतायत. आता एग फूड रोज, दिवसातून दोनदा, मोड आलेला दाणा आणि हिरवं. टॉर्चने बघितलं तर पिल्लाच्या मानेशी दाण्यांनी भरलेली पिशवी कातडीतून दिसते. ती भरलेली असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाही. रिकामी असेल आणि पिल्लू सुरकुतलेलं असेल तर आई-बापाला मऊ खाणं कमी पडतंय.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लगेच मेलं असं समजू नका. मुठीत धरून, तोंडाची गरम हवा देत दहा-पंधरा मिनिटं ऊब द्या, थंडगार पडलेली पिल्लं हलायला लागलेली मी पाहिलीयत. मग परत मडक्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे आपल्याकडे सगळे सांगतात, फिंचच्या बाबतीत ते खरं नाही. पण एकच जोडी सारखी पिल्लं फेकत असेल तर कारण शोधा: मऊ खाणं नाही, कोणीतरी सारखं डोकावतंय, किंवा मडक्यात माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे झालेत. माइट्सचं तपासायला रात्री पिंजऱ्यावर पांढरा पंचा टाका आणि पहाटे उलटून बघा, लाल टाचणीच्या टोकाएवढे ठिपके फिरताना दिसले की झालं. ते रात्री पिल्लांचं रक्त पितात. घरटं नव्या काथ्याचं करून पिल्लं त्यात हलवा, जुनं जाळा, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा, आणि पक्ष्यांवर मारायचं औषध डॉक्टरला विचारूनच.

डोळे आठवड्याच्या आसपास उघडतात. १८ ते २१ दिवसांनी एक एक करून बाहेर येतात, शेपटी आखूड, चोच काळी, आणि बापाच्या मागे मान वाकडी करून ओरडत फिरतात. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी त्यांना परत मडक्यात जाता आलं पाहिजे म्हणून मडक्याजवळ एक दांडी ठेवा. पाण्याची खोल वाटी काढा, बुडतात. दाणा तळाशी पण पसरून ठेवा, टिपायला तिथेच शिकतात. ३५ दिवसांपर्यंत आई-बाप भरवतात, दाणा सोलताना दिसलं तरी पोट भरतंय असं नसतं, म्हणून सहा आठवड्यांच्या आत वेगळं करायचं नाही.

नर पिल्लं गाणं बापाकडून शिकतात, साधारण २५ ते ९० दिवसांच्या वयात. बेंगालीजने वाढवलेला झेब्रा बेंगालीजसारखं गातो. म्हणून सहा आठवड्यांनी पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात हलवताना तो पिंजरा बापाच्या शेजारीच ठेवा. त्यांचं पहिलं गाणं नुसतं तुटक किरकिर असतं, मग हळूहळू रोज एखादा तुकडा नीट बसत जातो, आमच्या घरी सकाळचा चहा त्या आवाजातच होतो. दोन महिन्यांत गाल रंगायला लागले की नर-मादी वेगळे करा, भावंडांच्या जोड्या लागायला वेळ लागत नाही. आणि वहीत लिहा: कुठल्या जोडीचं, कधी जन्मलं, कोणाला दिलं. पायात रंगीत रिंग घातली तर लक्षात ठेवायला सोपं, नाहीतर वर्षभरात कोण कोणाचं काहीच कळत नाही.

मडकं काढणं

बरेचदा पहिली पिल्लं मडक्याबाहेर येतात न येतात तोच मादी पुढची अंडी घालायला लागते. एका सीझनला दोन क्लच, म्हणजे दोन वेळा अंडी, मादी एकदम तब्येतीत असेल तर फार तर तीन, आणि मग मडकं उतरवायचं. शेवटची पिल्लं बाहेर आल्यावर तीन-चार दिवसांनी, ती रात्री दांडीवर झोपायला लागली की. सोबत एग फूड आठवड्यातून एकदा, मोड आलेला दाणा बंद, साधा दाणा आणि हिरवं चालू. तरीही मादी तळाशी अंडी घालत असेल तर नर-मादी दोन महिने वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, पण एकमेकांना ऐकू येतील असे, जोडी तुटली की दोघं दिवसभर हाका मारत राहतात.

मडकं काढलेल्या दिवशी नर चोचीत काडी नाहीतर गळलेलं पीस घेऊन त्या रिकाम्या कोपऱ्यात चार-पाच दिवस फेऱ्या मारतो. बघवत नाही, पण परत टांगू नका. काही जोड्या मग दाण्याच्या वाटीतच घरटं करायला घेतात, तेव्हा वाटी काढून उथळ ताटली ठेवा आणि तळाचा कागद रोज बदला, म्हणजे काडी-पीस काही हाताला लागत नाही.